साखळीवाला कर्नल

हैदराबादच्या जामबागेत मराठी माणसाला फारसा पत्ता विचारावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांनी उभी केलेली विवेकवर्धिनी इथलीच. तिच्या दारातून निघून सुलतान बाजारची गर्दी आणि जुन्या पुस्तकांचे ढीग ओलांडत कोठीला आले, की झाडांआड एक अवाढव्य इमारत दिसते. उंच खांब, रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन अंगांना दोन सिंह. शहर तिला मुलींचे कॉलेज म्हणून ओळखते. मूळची ती ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलाचे घर. 1803 च्या सुमारास जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने तिचे काम सुरू केले.

या जागेचा एक किस्सा हैदराबादेत अजून सांगतात. घरासाठी जमीन हवी म्हणून कर्कपॅट्रिकने भल्यामोठ्या कागदावर आराखडा काढून निजाम अली खानापुढे ठेवला. निजामाने तो पाहिला आणि साफ नकार दिला. साहेब हिरमुसला. मग दरबारातल्या जाणत्याने उलगडा केला: इंग्रज मोजणीदारांनी निजामाला त्याच्या सगळ्या मुलखाचा नकाशा दाखवला होता आणि तोही साधारण एवढ्याच कागदावर होता. राज्याएवढी जमीन मागणाऱ्याला कोण हो म्हणेल? तोच आराखडा तळहाताएवढ्या पत्त्यावर काढून नेला, तेव्हा निजामाने हसत मान डोलावली.

किस्सा किती खरा, किती रंगवलेला, हा भाग वेगळा. पण याच आवारात मापाचा आणखी एक खेळ आजही पाहायला मिळतो. रेसिडेन्सीच्या झनान्याच्या बागेत या इमारतीची हुबेहूब छोटी प्रतिकृती आहे. कर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा पडद्यात राहायची. समोरचा दर्शनी भाग तिला जाऊन पाहता येईना, म्हणून नवऱ्याने तो लहान करून तिच्या अंगणात आणून ठेवला, असे सांगतात.

कर्कपॅट्रिक 1805 मध्ये वारला. त्यानंतर दहा वर्षांनी याच शहरात एक माणूस तळ ठोकून बसला. त्याला अख्खा देश कागदावर आणायचा होता आणि त्यापलीकडे पृथ्वीचा आकार नक्की कसा, हेही मोजायचे होते. विल्यम लॅम्बटन त्याचे नाव.

लॅम्बटन यॉर्कशायरचा, शेतकरी घरातला. जन्म 1753 च्या आसपासचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला पकडला गेला, मग तेरा वर्षे कॅनडाच्या थंडीत सैनिकांच्या बराकी सांभाळत गणिताची पुस्तके वाचत बसला. सूर्यग्रहण पाहताना एका डोळ्याची नजर अधू झाली, ती कायमची. चाळिशी उलटल्यावर आर्थर वेलस्लीच्या 33 व्या पलटणीबरोबर तो हिंदुस्थानात आला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात कूच करत होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिले आणि जनरलला सांगितले की आपण उलट्या दिशेने, थेट टिपूच्या छावणीकडे निघालो आहोत. बेअर्डला ते पटेना. होकायंत्र आणून पाहिले तेव्हा ताऱ्यांचेच खरे निघाले.

टिपू पडल्यावर लॅम्बटनने सरकारपुढे प्रस्ताव ठेवला: किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत आणि पुढे उत्तरेकडे त्रिकोणांची एक साखळी टाकायची. मोजणी हा शब्द आपल्याकडे नवा नाही. मोजणीदार आला, साखळी पडली, की पाठोपाठ शेतसारा येणार, हे दख्खनचा कुणबी पिढ्यान्‌पिढ्या ओळखून होता. लॅम्बटनच्या साखळीमागे मात्र सारा नव्हता. एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर नक्की किती अंतर, हे विषुववृत्ताजवळ आणि त्यापासून दूर मोजले, तर पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे ते कळते. खर्चाचे नाव निघताच मद्रासच्या वित्त समितीतल्या एका सभासदाने टोमणा मारला होता: कुणाला श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर त्याने पालखीच्या मुख्य भोयाला तसे सांगावे, तो बिनचूक नेऊन पोचवील, त्यासाठी लॅम्बटनचा नकाशा कशाला हवा?

तरी काम सुरू झाले. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषेची मोजणी सुरू झाली. साखळी होती शंभर फुटांची, पोलादी, चाळीस कड्यांची. ती मूळ चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून निघाली होती. बादशहाच्या दरबारात तिचे कौतुक झाले नाही, म्हणून ती हिंदुस्थानात आली. साडेसात मैलांची रेषा मोजायला साखळी चारशे वेळा मांडावी लागली. ती जमिनीवर फरफटत न्यायची नाही. तिपायांवर लाकडी पन्हळी ठेवून त्यांत अलगद निजवायची. ऊन लागले की पोलाद वाढते, म्हणून वर तंबूची सावली आणि शेजारी तापमापक. हे एवढेच काम सत्तावन्न दिवस चालले.

एकदा पायारेषा बिनचूक मिळाली की पुढे साखळीचे काम थोडे. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचे निशाण पाहायचे, कोन मोजायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. कोन मोजायचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. लॅम्बटनचे थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीने घडवलेले, अर्ध्या टनाचे, तीन फूट व्यासाच्या चक्राचे. इंग्लंडहून येताना ते जहाजासकट फ्रेंचांच्या हाती पडले आणि मॉरिशसला गेले. पेटी उघडल्यावर आत काय आहे हे कळताच तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सौजन्याच्या चिठ्ठीसह मद्रासला परत धाडले. दोन्ही देशांचे युद्ध तेव्हा ऐन भरात होते.

या यंत्राची मोठी फजिती झाली ती मराठ्यांच्या तंजावरात. साल 1808. तंजावरच्या सपाट भाताच्या मुलखात टेकडी सापडेना, म्हणून लॅम्बटनने बृहदीश्वराच्या देवळाच्या शिखरावर यंत्र चढवायचे ठरवले. गादीवर तेव्हा सरफोजी राजे होते. त्याच देवळाच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, 1803 मध्ये, त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला होता. एवढा लांब मराठी शिलालेख शोधून सापडणे कठीण. कप्प्या लागल्या, दोर आवळले, यंत्र वर जाऊ लागले. आणि दोर तुटला. अर्धा टन पितळ देवळाच्या दगडी अंगावर आपटले. चक्र वाकले, सगळे कोन बिघडले. दुसऱ्या कुणी इंग्लंडला पत्र लिहून नव्या यंत्राची वाट पाहिली असती. लॅम्बटन तंबूत शिरला, मुख्य कारागिरांखेरीज कुणाला आत येऊ दिले नाही आणि सहा आठवडे खपून, ठोकून, ओढून ते चक्र पुन्हा गोल केले. पुढची कित्येक वर्षे त्याच यंत्रावर काम चालले.

कन्याकुमारीजवळून निघालेली त्रिकोणांची माळ बंगळूर, गुत्ती करत उत्तरेला सरकत होती. 1815 मध्ये बीदरजवळ दमरगिद्द्याला नवी पायारेषा मोजून ती तपासून घेतली गेली. सुमारे दहा अंशांचा दक्षिणोत्तर कंस आता पुरा झाला होता. एका माणसाने एवढा लांब कंस तोवर क्वचितच मोजला असेल. लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्बटनला फेलो केले, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही मान दिला. यानंतरची वर्षे त्याचे मुख्य ठाणे हैदराबाद होते. निजाम सिकंदर जाह, दिवाणी कारभारात चंदूलाल, कोठीच्या रेसिडेन्सीत हेन्री रसेल, आणि या सगळ्यांच्या बाजूला आपल्या कागदांत, लॉगरिथमच्या कोष्टकांत बुडालेला हा म्हातारा कर्नल.

त्याच्या हाताखालचे लोक पाहिले तर सरकारी रुबाब थोडाच दिसतो. जोशुआ डी पेनिंग, विल्यम रॉसनरोड, जोसेफ ऑलिव्हर ही मद्रासकडची अँग्लो-इंडियन पोरे. बालपणीच मोजणीच्या शाळेत घातलेली, लॅम्बटनच्या तंबूतच वाढलेली. त्यांच्याखाली खलाशी. खलाशी म्हणजे इथे समुद्रावरचा नव्हे. मोजणी खात्यात साखळी धरणारा, यंत्र खांद्यावर वाहणारा, झाड तोडून नजर मोकळी करणारा माणूस तो खलाशी, आणि खात्यात हे नाव पुढेही टिकले. निशाणवाल्याचे काम आणखी एकलकोंडे. निर्जन डोंगरमाथ्यावर काठीला कापड बांधून त्याने उभे राहायचे. वीस-तीस मैलांवरून कुणीतरी दुर्बिणीत आपल्याला पाहिले की नाही, हे त्याला दिवसेंदिवस कळत नसे.

गावकऱ्यांना हे सगळे संशयास्पद वाटे, आणि त्यांचे चुकत होते असे म्हणता येत नाही. उंच जागा म्हणजे गड, देऊळ किंवा दर्गा. तिथे परका माणूस यंत्र लावून दिवसभर गावाकडे डोळा लावून बसतो, तो काय पाहतो? थिओडोलाइटच्या दुर्बिणीत समोरचे सारे उलटे दिसते, ही बातमी पसरली आणि साहेब घराघरांतल्या बायका उलट्या करून पाहतो अशी बोंब उठली. जिथे बेगमेला स्वतःच्या घराचा दर्शनी भागही प्रतिकृतीत पाहावा लागतो, त्या समाजात ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वाटाघाटी, नजराणे, कधी धाक, असे करत यंत्र वर चढत राहिले.

1818 च्या आरंभी ही मोजणी मद्रास सरकारकडून थेट कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली गेली. तिला नाव मिळाले ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे. म्हाताऱ्याला मदतनीस हवा म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस एक तोफखान्याचा अधिकारी हैदराबादला येऊन दाखल झाला. वय अठ्ठावीस, गणितात तल्लख, स्वभावाने विस्तव. त्याचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. तो स्वतः नावाचा उच्चार ईव्हरेस्ट असा करायचा. जगाने तो कधीच मनावर घेतला नाही.

लॅम्बटनने त्याला लगेच कृष्णा आणि गोदावरीच्या मधल्या मुलखात पाठवले. निघतानाच बरोबरच्या निजामी शिपायांनी पुढे यायला नकार दिला. एव्हरेस्टने आपल्या पहाऱ्याच्या बंदुका त्यांच्यावर रोखल्या आणि म्होरक्यांना फटके मारले. माणसे अशी वळवता आली, हवा वळवता येणार नव्हती. उन्हाळ्यात धुरळ्याने आणि धगीने लांबचे निशाण दिसत नाही. पाऊस पडून गेला की हवा धुतल्यासारखी होते आणि तीस-चाळीस मैलांवरचा डोंगर स्पष्ट उभा राहतो. म्हणून मोजणीचे लोक पावसाळ्यातच रानात शिरायचे, आणि दख्खनच्या रानात तोच तापाचा हंगाम. डासाचा आणि हिवतापाचा संबंध कळायला अजून ऐंशी वर्षे होती. (त्या शोधाचा काही भागही पुढे हैदराबादशेजारीच, सिकंदराबादला रोनाल्ड रॉसच्या हातून घडायचा होता.) 1819 च्या पावसाळ्यात गोदावरीकाठच्या जंगलात एव्हरेस्टची जवळजवळ सगळी छावणी, दीडशेच्या आसपास माणसे, एका झपाट्यात आडवी झाली. खुद्द एव्हरेस्टला उठवेना. डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसीही तापाने फणफणला होता. बातमी हैदराबादला पोचली आणि शहरातून हत्ती, उंट, डोल्या, पालख्या, मिळेल ते वाहन रवाना झाले. तरी पंधरा माणसे वाटेतच गेली. परतलेल्यांची दशा पाहून लोकांना वाटले की प्रेतेच उचलून आणली आहेत.

एव्हरेस्टला हवापालटासाठी केप ऑफ गुड होपला जावे लागले. त्या पंधरा जणांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

एव्हरेस्ट परतला तोवर लॅम्बटन सत्तरीला टेकला होता. खोकला जात नव्हता, बाहेरची बहुतेक मोजणी आता पोरांवर सोपवलेली. पण कंस उत्तरेला सरकला होता आणि त्याच्याबरोबर ठाणेही हलवणे भाग होते. एव्हरेस्ट दुसरीकडे मोजणीच्या कामात गुंतलेला. लॅम्बटनने हैदराबाद सोडले आणि नागपूरचा रस्ता धरला.

आजचा राष्ट्रीय महामार्ग 44 साधारण त्याच दिशेने जातो: निर्मळपाशी गोदावरी मागे टाकायची, आदिलाबाद, पैनगंगा, पांढरकवडा, मग वर्धा नदी. त्या काळी वर्धा ओलांडणे म्हणजे राज्य ओलांडणे होते. 1803 च्या देवगावच्या तहाने नदीच्या अलीकडचे वऱ्हाड निजामाला मिळालेले. पलीकडे नागपूरकर भोसले. तिथेही 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गादीवर अल्पवयीन राजा आणि कारभारात रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. यंत्राच्या पेट्या, कोष्टकांच्या वह्या, तंबू, बैल, खलाशांची बायकापोरे असा सगळा लवाजमा हिवाळ्यातल्या कापसाच्या रानांतून पुढे सरकत होता.

नागपूर आले नाही. 1823 च्या जानेवारीत, वणा नदीकाठच्या हिंगणघाटला लॅम्बटन वारला. तिथेच त्याला पुरले. वीस वर्षांत त्याने सुमारे 1,65,000 चौरस मैल मुलूख त्रिकोणांत बसवला होता.

हिंगणघाटात पुरलेल्या माणसाचे काम दोन वाटांनी पुढे गेले. एक वाट सगळ्यांना ठाऊक आहे. एव्हरेस्टने सूत्रे हाती घेतली, पुढे तो भारताचा सर्व्हेअर जनरल झाला आणि कंस त्याने सिरोंजमार्गे थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. दुसरी वाट डी पेनिंगची. हैदराबादच्या तंबूत आकडेमोडीवर घोटून तयार झालेला हा माणूस पुढे कलकत्त्यात मोजणीच्या गणित कार्यालयाचा प्रमुख झाला. 1831 मध्ये त्या कार्यालयात हिंदू कॉलेजचा एक तरुण दाखल झाला, राधानाथ सिकदार. डी पेनिंगनंतर मुख्य गणक म्हणून त्याच खुर्चीवर बसलेल्या सिकदारांच्या हिशेबातून 1852 मध्ये हिमालयातले पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले. जाहीर झालेली उंची 29,002 फूट. आजची मान्य उंची 8,848.86 मीटर आहे. फरक जेमतेम तीस फुटांचा. तेही शंभराहून जास्त मैलांवरून कोन घेऊन केलेल्या हिशेबात.

1865 मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव लागले. त्याने ते मोजले नव्हते आणि या नावाला त्याची स्वतःची हरकतही होती: हे नाव हिंदीत नीट लिहिता येणार नाही, इथल्या माणसाला उच्चारता येणार नाही. मराठी शाळेतल्या पोरापोरींनी तो अडसर केव्हाच दूर केला आहे.

स्मारके पाहत निघालेल्या प्रवाशाला लॅम्बटन तीन ठिकाणी भेटतो. चेन्नईला सेंट थॉमस माउंटवर त्याचा अर्धपुतळा आहे. पर्यटक प्रामुख्याने चर्च आणि समोरचा विमानतळ पाहायला येतात, पण येतात. नागपूरला झिरो माइलवर त्याचे नाव नसले तरी त्याच्या खात्याची खूण आहे. वाळूच्या दगडाचा खांब, भोवती चार घोडे, खांबावर कोरलेली गावांची नावे आणि मैल, त्यांत हैदराबादही. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. शेजारच्या बुटक्या दगडाकडे फारसे कुणी वाकत नाही. त्यावर इंग्रजीत जीटीएस ही अक्षरे आणि 1907 हे साल आहे; समुद्रसपाटीपासूनची उंची बांधून ठेवणारा तो ठोकळा, ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेने बसवलेला.

तिसरे ठिकाण हिंगणघाट. कापसाचे गाव, इथल्या लांब धाग्याच्या कापसाची एकेकाळी मँचेस्टरपर्यंत ख्याती होती. विदर्भात हिंगणघाट म्हटले की बाजार समिती, जिनिंग आणि जुनी कापड गिरणी आठवते. एवढ्या लांब मोजणीच्या कंसाचा कर्ता या गावाच्या मातीत आहे, हे गावाबाहेर थोड्यांनाच माहीत असते. नकाशावर पाहिले तर त्याचे इथले बहुतेक आयुष्य अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आगेमागे हेलकावत गेलेले दिसते: बंगळूर किंचित पश्चिमेला, हैदराबाद किंचित पूर्वेला, हिंगणघाट आणखी थोडे पूर्वेला.

हैदराबादच्या उप्पलमध्ये मोजणी खात्याची प्रशिक्षण संस्था आहे. तिथून शिकून निघालेली मुले आज उपग्रहांच्या खुणांवरून जागा ठरवतात. अर्ध्या टनाचे यंत्र कुणाला देवळावर चढवावे लागत नाही. आणि जामबागेतून संध्याकाळी नागपूरकडे सुटणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला तर नकाशाचीही गरज नसते. निर्मळच्या घाटात कुठे गियर बदलायचा, आदिलाबादला कोणत्या ढाब्यावर थांबायचे, पांढरकवड्याला चहा कुठे बरा, सगळे त्याला पाठ. पहाटे हिंगणघाटचा फाटा येतो. मद्रासच्या वित्त समितीतल्या त्या सभासदाला हा ड्रायव्हर फार आवडला असता. त्याला फक्त नागपूर सांगायचे.